सामोरं जाणं

कालव्याला आवर्तन सुटलं की आजी संध्याकाळी पदर खोचून भरावावर चढायची आणि पाण्याच्या उलट दिशेने चालू लागायची. पाणी पैठणकडून यायचं आणि परभणीकडे जायचं, म्हणजे मावळतीकडून उगवतीकडे. आजीचं तोंड मावळतीकडे. त्या वेळी रानातून परतणारी माणसं, गवताचे भारे घेतलेल्या बायका, गुरं, सगळी पाण्याबरोबर खाली यायची, कारण वस्ती खालच्या अंगाला होती. त्यांच्यातून वाट काढत आजी वर जायची आणि तिचं बोट धरून मी. एखादी बाई थांबून विचारायची, "आत्याबाई, दिवस बुडायला आला, आता कुठं निघालात?" आजी म्हणायची, "हे काय, इथवरच."

'इथवर' म्हणजे पुढची मोरी. तिथे ती बसायची, ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावायची, थोडा वेळ वरच्या अंगाला बघत राहायची. मग आम्ही परत फिरायचो.

आमचं अंकुशनगर जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गालगत. शेजारी महाकाळा हे जुनं गाव. दक्षिणेला शहागडजवळून गोदावरी वाहते. आमच्याकडे तिला गोदावरी फारसं कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. अंकुशराव टोपे यांचं नाव घेऊन उभी असलेली ही वस्ती समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वाढली. माझे वडील साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटत आटत दाणा धरू लागतो, तो क्षण ओळखायचं काम पॅनमनचं. त्यांच्या अंगाला कायम गोडसर वाफेचा वास असायचा.

आजीचं गाव मात्र नाथसागराच्या पाण्याखाली. जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं. या दोन तारखांच्या मधे कधीतरी आजीने आपलं जातं, तुळशीचं रोप आणि दोन पोरं बैलगाडीत घालून गाव सोडलं. पाणी मागून चढत आलं. घर गेलं, पार गेला, मारुतीचं देऊळ गेलं. मग त्याच पाण्याचा पैठणहून २०८ किलोमीटरचा डावा कालवा निघाला आणि तो अंबड तालुक्यातून पुढे गेला. कालव्यामुळे ऊस आला, उसामुळे कारखाना आला, कारखान्यामुळे आम्ही आलो. आजीचं गाव ज्या पाण्याने घेतलं, तेच पाणी तिच्या नव्या दारावरून वाहू लागलं.

एकदा मी तिला विचारलं, "आजी, सगळे पाण्याबरोबर चालतात, तू उलटी का चालतेस?" ती मोरीवर बसली होती. म्हणाली, "पाणी आपल्या गावावरून आलंय बाई. गावाकडचं माणूस येतंय म्हटल्यावर सामोरं जावं लागतं."

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. उत्तर ऐकलं आणि विसरले. ते पुन्हा आठवायला मला आकाशातून फिरून यावं लागलं.

मी पुढे भौतिकशास्त्र शिकले, पुण्याला आले, शिकवू लागले. दीर्घिकांविषयी मुलांना सांगताना पहिली गोष्ट मी सांगते ती दिशेची. आपली आकाशगंगा तबकडीसारखी आहे आणि ती फिरते. सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे, सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास धावतो, तरी एक फेरी पुरी व्हायला त्याला साधारण २२-२३ कोटी वर्षं लागतात. आणि या तबकडीतले बाकीचे तारेही, जवळपास सगळे, त्याच दिशेने जातात. पंचांगात ग्रह वक्री होतात, पण तो आपल्या नजरेचा खेळ असतो. पृथ्वी मंगळाला मागे टाकून पुढे जाते तेव्हा मंगळ मागे सरकल्यासारखा वाटतो इतकंच. तबकडीतला तारा खरोखर उलटा फिरताना दिसणं ही फार वेगळी गोष्ट आहे.

दिशा एकच का असते, त्याचं कारण जन्मात आहे. तबकडी तयार होते ती वायूच्या प्रचंड ढगापासून. ढगाला सुरुवातीला थोडीशी गिरकी असते. तो आकसत जातो तशी गिरकी वाढते. आत इकडून तिकडे जाणारे झोत एकमेकांवर आदळतात, परस्परांची गती मारतात आणि शेवटी जी दिशा उरते ती सगळ्या तबकडीची होते. त्या वायूतून जो तारा जन्मतो त्याला ती दिशा वारशाने मिळते. पुढे अब्जावधी वर्षांत त्याचा रंग बदलेल, तो फुगेल, विझेल. फिरण्याची दिशा मात्र तो सहजी सोडत नाही. भौतिकशास्त्रात याला कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. मला ती विश्वातली सगळ्यात चिवट आठवण वाटते.

म्हणूनच १९९२ साली जे दिसलं त्याने खगोलशास्त्रज्ञ थक्क झाले.

कन्या राशीच्या दिशेने, सुमारे पाच कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा मोठा समूह आहे. त्यात एनजीसी ४५५० नावाची एक चपटी, भिंगासारखी, दिसायला साधी दीर्घिका आहे. वेरा रुबिन यांनी जॉन ग्रॅहम आणि जेफ्री केनी यांच्याबरोबर तिचा वर्णपट तपासला. या त्याच रुबिन, ज्यांनी केंट फोर्ड यांच्या साथीने दीर्घिकांच्या फिरण्याचे वेग मोजून कृष्णद्रव्याचा प्रश्न जगापुढे ठामपणे उभा केला. दीर्घिकेचं फिरणं मोजण्याची रीत महामार्गाच्या कडेला वाढलेल्या कुणालाही कळेल. हॉर्न वाजवत येणारा ट्रक जवळ येताना आवाज चढा असतो, पुढे गेला की उतरतो. प्रकाशाचंही तसंच. आपल्याकडे येणाऱ्या ताऱ्यांच्या वर्णरेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जाणाऱ्यांच्या तांबड्या बाजूला. फिरणाऱ्या दीर्घिकेची एक कड निळी सरकते, दुसरी तांबडी.

एनजीसी ४५५० मध्ये रेषा दुहेरी निघाल्या. त्याच कडेवर एक रेषा निळीकडे, एक तांबडीकडे. दुसऱ्या कडेवरही तसंच. म्हणजे एकाच तबकडीत, एकाच जागी, तारे दोन दिशांना फिरत होते. आणि ते चुकार, भरकटलेले दोन-चार तारे नव्हते. जवळपास निम्मे असे, निम्मे तसे.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला एकदम महाशिवरात्रीचं देऊळ दिसलं.

आजी मला दरवर्षी गंगेकाठच्या एका महादेवाला न्यायची. महादेवाची प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. गाभाऱ्यातून अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती सोमसूत्राची जागा ओलांडायची नाही. तिथपर्यंत जायचं, मागे फिरायचं, आल्या वाटेने पुन्हा त्याच जागेच्या दुसऱ्या बाजूला यायचं. त्यामुळे महाशिवरात्रीला त्या अरुंद वाटेवर दोन रांगा असायच्या, एक जाणारी, एक येणारी. धक्का लागायचा, बेलाची पानं सांडायची, पण अडत कुणीच नव्हतं. मला त्या देवळातलं एक फार आवडायचं. मारुतीला किंवा विठोबाला प्रदक्षिणा घालताना पुढच्या माणसाची पाठ दिसत राहते. महादेवाला माणसांची तोंडं दिसायची. ओळखीची बाई समोरून यायची, हसायची, "पोरगी केवढी झाली," म्हणायची आणि पुढे जायची. थोड्या वेळाने तीच पुन्हा समोरून.

पण देवळातले सगळे लोक एकाच दारातून आत आलेले असतात. तबकडीत दुसरी रांग कुठून येते?

याचं उत्तर मला कालव्यासारखं दिसतं. दीर्घिका बंद घर नसते. तिच्यात बाहेरून वायू येत राहतो. शेजारून जाणाऱ्या दीर्घिकेचा ओढला जातो, एखादी छोटी दीर्घिका आख्खी येऊन मिसळते. येणारा वायू कोणत्या बाजूने, कोणत्या वळणाने येईल ते आधी ठरलेलं नसतं. तो तबकडीच्या फिरण्याच्या उलट वळणाने आला तर ते वळण घेऊनच आत उतरतो. १९९६ मध्ये अनिरुद्ध ठाकर आणि बार्बरा रायडन यांनी संगणकावर हे घडवून पाहिलं. वायू सावकाश, दीर्घ काळ येत राहिला तर जुनी तबकडी न मोडता तिच्यात उलटी फिरणारी दुसरी तबकडी तयार होऊ शकते, असं त्यात दिसलं.

आणि एके ठिकाणी हे प्रत्यक्ष घडताना सापडलं. एनजीसी ५७१९ ही दीर्घिका आणि तिची शेजारीण एनजीसी ५७१३. डॅनिएला व्हर्गानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की या दोघींच्या मधे हायड्रोजनचा पूल आहे. त्या वाटेने वायू ५७१९ मध्ये येतो, तिच्या जुन्या ताऱ्यांच्या उलट फिरतो आणि त्यातून जन्मलेले तारेही उलटे फिरतात. उलटे तारे वयाने तरुण आहेत, हेही पुढच्या अभ्यासात दिसलं. जुने तारे मूळ गावचे. नवे, कालव्याच्या पाण्यावर आलेले. त्या हायड्रोजनच्या नकाशाकडे पाहताना मला पैठणपासून निघालेली ती २०८ किलोमीटरची निळी रेघ आठवली, जी शाळेतल्या नकाशावर मी बोटाने मापत असे.

यात एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची आहे. ताऱ्यांना जे जमतं ते वायूला जमत नाही.

तारे एकमेकांपासून किती दूर असतात, ते मी मुलांना ज्वारीच्या दाण्याने सांगते. सूर्य म्हणजे अंकुशनगरात ठेवलेला एक दाणा समजा. मग त्याच्या सर्वांत जवळचा तारा दुसरा दाणा, आणि तो परभणीच्या आसपास. मधे काही नाही. म्हणून ताऱ्यांच्या दोन तबकड्या एकमेकींतून आरपार जाऊ शकतात आणि दाण्याला दाणा लागत नाही. वायूचं तसं नसतं. त्याचे ढग पसरलेले असतात. उलट दिशांनी येणारे ढग एकाच वाटेवर आले की ते भिडतात, तापतात, गती गमावतात आणि केंद्राकडे घसरतात. एका जागी वायूला शेवटी एकच दिशा राहते. जुना वायू उलट्या नव्या वायूला गिळतो, किंवा नवा जुन्याला. त्यामुळे वायू असलेल्या भिंगासारख्या दीर्घिकांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शात तो ताऱ्यांच्या उलट फिरताना सापडतो, पण सर्पिल दीर्घिकांमध्ये फार क्वचित. सर्पिल दीर्घिकेत स्वतःचा वायू इतका भरलेला असतो की बाहेरून आलेल्या थोड्याशा वायूचं वळण त्यात विरून जातं.

तरी एक सर्पिल दीर्घिका अशी आहे की तिच्यात दोन्ही वळणं टिकली आहेत. अरुंधती केश या तारकासमूहातली एम ६४. एडवर्ड पिगॉट यांनी ती १७७९ मध्ये पहिल्यांदा पाहिली. तिच्यासमोर काळ्या धुळीचा पट्टा आहे, म्हणून तिला काळ्या डोळ्याची दीर्घिका म्हणतात. १९९२ मध्येच रॉबर्ट ब्राउन, रेने वॉल्टरबॉस आणि रॉबर्ट केनिकट यांनी रेडिओलहरींनी तिचा वायू तपासला. आतला वायू ताऱ्यांबरोबर फिरतो. केंद्रापासून साधारण तीन हजार प्रकाशवर्षांच्या पुढे, दूरवर पसरलेला बाहेरचा वायू त्याच्या उलट. दोघांनी जागा वाटून घेतली आहे. पण जिथे एकाची कड दुसऱ्याला घासते, तिथे ढग दाबले जातात आणि त्या दाबाखाली नवे तारे जन्मतात, निळे, तापलेले.

हे वाचलं त्या रात्री मला वडिलांनी दाखवलेले रोलर आठवले. गळीत हंगामात ते एकदा मला मिलजवळ घेऊन गेले होते. गव्हाणीत मोळ्या पडत होत्या, पट्ट्यावरून ऊस वर जात होता आणि तीन प्रचंड लोखंडी रोलरांमध्ये शिरत होता. खालचे दोन एकीकडे फिरत होते, वरचा उलटा. मला वाटलं, काहीतरी बिघडलंय. मी ओरडून विचारलं. वडील माझ्या कानाशी वाकले. "वरचा उलटा फिरतो म्हणून तर ऊस आत ओढला जातो. सगळे एकाच बाजूला फिरले तर ऊस बाहेर फेकला जाईल. रस निघतो तो दोघांच्या मधून."

पण वायूच्या गोष्टीतलं मला सगळ्यात जास्त भिडलं ते वेगळंच. कोणत्याही द्रव्याला आपली दिशा बदलता येते ती तारा होण्याआधी. वायू असेपर्यंत ते विरघळतं, दुसऱ्याच्या वळणाने जाऊ लागतं, मागची गिरकी विसरतं. एकदा आकसून, घट्ट होऊन तारा झालं की मग नाही. मग ते कोणत्याही गर्दीतून आपल्याच वाटेने जातं, कुणाला न मोडता आणि स्वतः न मोडता.

आमच्या शाळेत दर दिवाळीनंतर एक मुलगी यायची. तिचे आईवडील उत्तरेकडून, खानदेशातून ऊसतोडीला यायचे. कारखान्याजवळच्या माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या, त्यातली एक त्यांची. गंमत अशी की त्याच दिवसांत आमच्या आसपासच्या तांड्यांवरून, कोरड्या गावांतून ट्रकच्या ट्रक भरून माणसं पश्चिमेला, सांगली-कोल्हापूरकडे कोयता घेऊन निघालेली असायची. महामार्गावर दोन्ही बाजूंचे ट्रक एकमेकांना ओलांडायचे, दोन्हींवर त्याच घागरी, त्याच गोधड्या, तीच झोपलेली पोरं. मी वडिलांना विचारलं होतं, "हे तिकडे आणि ते इकडे, मग दोघेही आपापल्या घरीच का राहत नाहीत?" वडील नुसते रस्त्याकडे बघत राहिले होते. त्या प्रश्नाचं उत्तर उचलीत होतं, मुकादमाच्या वहीत होतं, न पडलेल्या पावसात होतं. ते सात वर्षांच्या पोरीला कसं सांगणार?

ती मुलगी माझ्याशेजारी बसायची. पहिल्यांदा दिवाळीनंतर आली तेव्हा तिचं निम्मं बोलणं आम्हाला कळत नव्हतं. संक्रांतीपर्यंत ती आमच्यासारखी 'काय करायलीस' म्हणू लागली. होळीला तिच्या बोलण्यावरून ती कुठली ते कुणी सांगू शकलं नसतं. तिची आई मात्र सहा महिने आमच्यात राहून अहिराणीतच बोलायची. माझ्या आईशी तिची चांगली मैत्री झाली, पीठ-मिठाची देवघेव झाली. दोघी आपापल्या बोलीत बोलायच्या आणि त्यांचं सगळं नीट चालायचं. लेक अजून वायू होती, आई तारा झाली होती. आज मला असं वाटतं. त्या मुलीचं वळण इतक्या सहज विरलं याचं तेव्हा आम्हा सगळ्यांना कौतुक होतं. आता कौतुकाच्या खाली थोडं दुखतं. तिच्या वाट्याचं काहीतरी आम्ही गिळलं होतं.

आणि मीही वायूच होते. आजीचं बुडालेलं गाव माझं नव्हतं. मी जन्मले तेव्हा कालवा होता, ऊस होता, भोंगा होता. माझं वळण या तबकडीचं.

आपल्या आकाशगंगेतही आजीसारखे आहेत. थंडीच्या रात्री, फडातली माणसं शेकोटीशी बसलेली असतात तेव्हा, दक्षिणेला खालच्या बाजूला अगस्त्य तेजाळत असतो. त्याच भागात एक मंद, तांबूस तारा आहे, काप्टाइनचा तारा. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. याकोबुस काप्टाइन यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो सापडला. आपल्यापासून फक्त १३ प्रकाशवर्षांवर, म्हणजे विश्वाच्या हिशेबात अगदी अंगणात. आकाशात तो इतक्या वेगाने सरकतो की पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं अंतर साधारण २०० वर्षांत ओलांडेल. इतका वेग दिसण्याचं कारण तो जवळ आहे हे तर खरंच, पण दुसरंही आहे. तो आकाशगंगेच्या केंद्राभोवती उलटा फिरतो. महामार्गावर समोरून येणारा ट्रक जसा सपकन निघून जातो तसा. असे उलटे फिरणारे तारे मुख्यतः आकाशगंगेच्या तबकडीभोवतीच्या विरळ प्रभामंडलात असतात. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गोल गुच्छ चैत्र-वैशाखाच्या रात्री आपल्याकडून दक्षिणेला अंधुक ठिपक्यासारखा दिसतो. तोही उलट्या कक्षेत आहे. तो एखाद्या गिळल्या गेलेल्या छोट्या दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. २०१८ मध्ये गाया उपग्रहाच्या मोजमापांतून तर कळलं की सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी एक आख्खी दीर्घिका आकाशगंगेत मिसळून गेली होती. तिचं रूप, तिचा आकार, काहीच उरलं नाही. तिचे तारे ओळखले गेले ते त्यांच्या चालीवरून.

गाव बुडतं. घर, पार, देऊळ सगळं पाण्याखाली जातं. चाल राहते.

नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, तारांच्या जाळीने विणलेल्या ३० तबकड्या जुन्नरच्या त्या रानात पसरल्या आहेत. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटरच्या लहरी त्या ऐकतात, म्हणजे वायू कुठे आहे आणि कोणत्या दिशेने फिरतो हे सांगणाऱ्या लहरी. एका विज्ञानदिनी, २८ फेब्रुवारीला, मी तिथे मुलांना घेऊन गेले होते. मुलं प्रदर्शनात रमली तेव्हा मी जरा रस्त्यावर आले. ऊसतोडीचे दिवस. रस्त्याच्या पलीकडे फड होता आणि त्याच्यामागे एक पांढरी तबकडी आभाळाकडे तोंड करून उभी. फडाच्या कडेला एक बाई मोळ्या बांधत होती. मी बराच वेळ वर बघत उभी राहिलेली पाहून तिने विचारलं, "काय बघायलात, बाई?"

एकच शब्द. 'बघायलात.' जुन्नरमध्ये असं कुणी बोलत नाही. मी विचारलं, "तुम्ही आमच्या भागातल्या का?" तिने अंबडचं नाव घेतलं. मी अंकुशनगर म्हणाले. ती कोयता खाली ठेवून हसली, तोंडभर. वर्णपटातली एक रेषा किंचित सरकलेली दिसते आणि तेवढ्यावरून तारा कुठून आला आणि कुठे चालला ते कळतं, हे मी कितीतरी वर्षं फळ्यावर शिकवत होते. ते त्या दिवशी मला ऐकू आलं. आम्ही पाच मिनिटं बोललो. पाणी, पाऊस, कालवा यंदा किती दिवस चालला. मग तिचा गडी मोळी उचलायला आला आणि मुलांची बस निघायची वेळ झाली.

परतताना घाटात मला एक साधा हिशेब सुचला आणि तो सुचल्यावर मला आजीचं वाक्य आठवलं.

तबकडीत एकाच अंतरावर, एकाच वेगाने, एकाच दिशेने फिरणारे दोन तारे कधीच भेटत नाहीत. त्यांच्यात जेवढं अंतर पहिल्या दिवशी होतं तेवढंच राहतं, मग कितीही कोटी वर्षं जावोत. एक पुढे, एक मागे. मागच्याला पुढच्याची पाठ. पण त्याच वाटेवर दोघे उलट दिशांनी निघाले तर ते प्रत्येक फेरीत दोनदा एकमेकांना भेटतात. सूर्याच्या वाटेवर हे घडलं तर दर साडेअकरा कोटी वर्षांनी एकदा. न आदळता, अगदी समोरासमोर येऊन ओलांडून जातात.

महादेवाच्या देवळात मला तोंडं दिसायची ती याचमुळे. महामार्गावर एकमेकांना ओलांडणाऱ्या ट्रकमधली माणसं एकमेकांना दिसायची ती याचमुळे. आणि आजी पाण्याच्या उलट चालायची, कारण पाण्याबरोबर चाललं तर पाणी भेटत नाही. ते नुसतं सोबत असतं. भेटायचं असेल तर सामोरं जावं लागतं. ती कुणाला विरोध करत नव्हती, हट्टही करत नव्हती. आपल्या बुडालेल्या गावाला ती दर संध्याकाळी भेटत होती.

१९९२ साली वेरा रुबिन यांनी त्या दुहेरी रेषा जगापुढे ठेवल्या, तेव्हा आजी होती. तिचे पाय दुखत होते, तरी आवर्तनाच्या दिवसांत ती मोरीपर्यंत जायची. मला तेव्हा रुबिन माहीत नव्हत्या आणि आजी पुरेशी कळलेली नव्हती. दोघींची गाठ घालून द्यायला मी फार उशिरा पोचले.

गेल्या रब्बीत अंकुशनगरला गेले होते. कालव्याला पाणी सुटलेलं. संध्याकाळी भरावावर चढले. आजीसारखं वर चालावं, असं मनाशी ठरवून निघाले होते. पण मोरीवर उभी राहिले आणि पायांनी आपोआप खालची वाट धरली, पाण्याबरोबर, उगवतीकडे, जिकडे आमची वस्ती आहे. मी त्यांना फिरवलं नाही. माझं वळण हेच आहे, ते उसनं आणून बदलणार नाही.

ऊन तिरपं पाठीवर होतं आणि माझी सावली पुढे लांबवर पडली होती. मी सावकाश चालत राहिले. आजी ज्या वाटेने वर जायची त्याच वाटेने मी खाली येत होते. समोरून कुणीतरी बाई येत होती, डोक्यावर भारा, बोटाला एक पोर. जवळ आल्यावर तिने मान वर केली. मी वाट देण्यासाठी कडेला झाले, आणि थांबून तिचं तोंड नीट पाहिलं.